पहिलं बरं की दुसरं

"हे पहिलं... आणि हे दुसरं. कुठलं बरं दिसतं?"

चष्म्याच्या दुकानामागच्या लहानशा अंधाऱ्या खोलीत भिंगरी दिवसभर एवढंच विचारायची. खुर्चीत गिऱ्हाईक, त्याच्या नाकावर डोळे तपासायची अवजड गोल फ्रेम, समोरच्या भिंतीवर उजळलेला अक्षरांचा तक्ता. ती फ्रेममध्ये एक काच बसवायची, काढायची, दुसरी बसवायची. प्रश्न काही अवघड नव्हता, पण भलीभली माणसं इथे गारद व्हायची. घरात ज्यांच्या शब्दाबाहेर कुणी जात नाही अशी माणसंसुद्धा त्या खुर्चीत बसली की तोंडी परीक्षेला आल्यासारखी घामाघूम होत. चुकीचं उत्तर दिलं तर जन्मभर चुकीचा चष्मा गळ्यात पडेल, ही धास्ती. मग ती तक्ता सोडून भिंगरीच्या तोंडाकडे बघत आणि तिथे जे उत्तर दिसेल ते देऊन मोकळी होत.

अशा लोकांसाठी तिनं एक युक्ती ठेवली होती. काच काढल्यासारखं करायचं आणि तीच पुन्हा बसवायची. त्या दिवशी एका आजोबांवर तिनं ती वापरली तेव्हा आजोबा ठामपणे म्हणाले, "दुसरं! दुसरं कितीतरी स्वच्छ."

"आजोबा, दोन्ही वेळा एकच काच होती."

आजोबा ओशाळले. जरा वेळानं म्हणाले, "दुसऱ्या वेळी तू गालात हसलीस ना, मला वाटलं तेच बरोबर असेल."

मग भिंगरीनं खोलीतला बारका दिवाही मालवला. तिचं तोंड दिसेना, तशी आजोबांना अक्षरं दिसायला लागली. शेवटी शेवटी ते घाबरत घाबरत म्हणाले, "आता दोन्ही सारखंच वाटतंय गं, माझं काही चुकतंय का?" त्यावर ती म्हणाली, "नाही आजोबा. सारखं वाटलं की तपासणी संपली, हाच तुमचा नंबर."

लोकांच्या डोळ्यांतलं खरं-खोटं ओळखणारी ही बाई, पण दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. गेले दोन महिने कुणीतरी तिलाच विचारत होतं, पहिलं की दुसरं, आणि तिच्या तोंडून अक्षर फुटत नव्हतं.

प्रश्न होता ट्रायथलॉनचा. शहराबाहेरच्या तलावावर दरवर्षी ही शर्यत व्हायची. आधी पोहायचं, मग सायकल, मग धावायचं, सगळं एका दमात. त्यात दोन प्रकार. छोटी शर्यत वेगाच्या लोकांची, सुटायचं आणि वाऱ्यासारखं संपवायचं. मोठी शर्यत दमाच्या लोकांची, ऊन डोक्यावर येईपर्यंत चालणारी. दोन्ही एकाच सकाळी, म्हणून नाव एकीतच देता येई, आणि ते शनिवारपर्यंत द्यायचं होतं.

यात गोंधळण्यासारखं काय आहे, असं कुणीही म्हणेल. पायात वेग असेल त्यानं छोटी धरावी, छातीत दम असेल त्यानं मोठी. भिंगरीनंही असंच म्हटलं असतं, पण तिचे बाबा होते शाळेतले खेळाचे शिक्षक आणि तरुणपणी शंभर मीटरचे धावपटू. आणि आई होती लांब पल्ल्याची पोहणारी, पाण्यात उतरली की जेवणाची वेळ झाल्याशिवाय बाहेर न येणारी. आणि भिंगरी चौथीत असताना ही दोघं वेगळी झाली होती.

भांडण असं झालं नव्हतं, निदान मोठ्या आवाजात झालं नव्हतं. बाबांना सगळं आत्ताच्या आत्ता हवं असायचं आणि आईला कशाचीच घाई नसायची. एका घरात दोन चालींची घड्याळं किती दिवस टिकटिकणार? शहराच्या एका टोकाला बाबा राहिले, दुसऱ्या टोकाला आई गेली, आणि ही पोरगी दप्तर घेऊन काही दिवस इकडे, काही दिवस तिकडे. शेजारीपाजारी म्हणायचे, हिच्या पायाला भिंगरीच आहे. तेव्हापासून ती भिंगरीच झाली, शाळेतलं नाव कागदावर राहिलं.

त्या काळात घरी येणारा प्रत्येक पाहुणा तिला एक प्रश्न विचारी. "काय गं, आई जास्त आवडते की बाबा?" मोठ्या माणसांना लहान मुलांना छळायची हौसच असते, त्याला काय करणार. भिंगरी विचारणाऱ्याच्या तोंडाकडे बघायची. काका असले तर बाबा, मावशी असली तर आई. उत्तर बरोबर आलं की हातावर गोळी पडायची. त्यात ती इतकी तरबेज झाली की खरं उत्तर काय होतं, ते शोधायची तिला कधी गरजच पडली नाही.

ट्रायथलॉनचं खूळ मात्र तिचं स्वतःचं होतं. दुकानासमोरून क्लबची मंडळी सायकलवरून जाताना दिसायची, तीही एके रविवारी त्यांच्यात सामील झाली. तिथवर सगळं ठीक होतं. चूक अशी झाली की तिनं हे घरी सांगितलं.

बाबांनी ऐकलं मात्र, कपाटातून जुनी शिट्टी काढली. "अगं, तुझ्या पोटऱ्या बघ! या माझ्या पोटऱ्या आहेत. तू वेगाची आहेस पोरी, वेगाची. उद्यापासून सकाळी मैदानावर. थोडं धावायचं, पण जीव तोडून. मग बसायचं, मग पुन्हा जीव तोडून."

दोन दिवसांनी आईला कळलं. आईनं तिला उभं करून खांद्यांवरून हात फिरवला. "माझेच आहेत. तू दमाची आहेस, बाळ. तुला कुणी पळवायची गरज नाही. संध्याकाळी तलावावर येत जा, आपण नुसतं जात राहायचं."

या वेळी एखाद्या शहाण्या बाईनं दोघांपैकी एकाला नाही म्हटलं असतं. भिंगरी दोघांनाही हो म्हणाली. बाबांना सांगितलं की संध्याकाळी आईकडे जाते ती जरा अंग मोकळं करायला. आईला सांगितलं की सकाळी बाबांबरोबर जरा पाय मोकळे करते. प्रत्येकाला वाटत राहिलं की खरं शिक्षण आपणच देतोय, दुसऱ्याकडे नुसता विरंगुळा.

झालं ते असं की सकाळी बाबा तिला पिळून काढायचे आणि संध्याकाळी उरलेलं आई वाळत घालायची. वेगवान माणसाला विश्रांती लागते, ती आईच्या तलावात बुडाली. दमाच्या माणसाला सावकाश साठवत न्यावं लागतं, ते बाबांच्या शिट्टीनं उधळलं. दोन महिन्यांत ती वेगानंही कमी झाली आणि दमानंही. एक ना धड भाराभर चिंध्या. दुपारी दुकानात काचा पुसता पुसता तिचा डोळा लागायचा, आणि एका बाईचा डाव्या डोळ्याचा नंबर तिनं उजव्याला लावून ठेवला तेव्हा मालकांनी तिला मागे बोलावून विचारलं, "घरी सगळं ठीक आहे ना?" ती म्हणाली, "कुठल्या?"

क्लबच्या कोचबाई स्पष्ट बोलणाऱ्या होत्या. शर्यत कुठली, हे ठरवण्यासाठी त्यांची एक साधी चाचणी असे. एकदा थोडं अंतर जीव खाऊन कापायचं, मग जरा विसावा घेऊन मोठं अंतर कापायचं. मोठ्या अंतरात चाल फारशी पडली नाही तर माणूस दमाचा, धाडकन पडली तर वेगाचा. मग त्याला तसा सराव. "अंगात जे आहे त्याला खतपाणी घाला," त्या म्हणत. "आंब्याला पेरू लागायची वाट बघू नका."

पहिल्या चाचणीला बाबा कुंपणापाशी उभे होते. भिंगरी अशी सुटली की कोचबाईंच्या भुवया वर गेल्या. मोठ्या अंतरात मात्र ती पार लोळागोळा झाली. निकाल लागला, वेगाची. बाबांनी कुंपणावर थाप मारली, "म्हटलं नव्हतं मी?"

त्या दिवशी भिंगरीला सर्दी होती, त्यामुळे दम गेला असेल अशी शंका येऊन कोचबाईंनी पुढच्या आठवड्यात पुन्हा चाचणी घेतली. त्या वेळी आई पायऱ्यांवर बसली होती. भिंगरी सुरुवातीपासून संथ निघाली आणि शेवटपर्यंत संथच राहिली, चाल केसभरही ढळली नाही. निकाल, दमाची. आई नुसती हसली, पण ते हसू भिंगरीला मैदानाच्या पलीकडच्या टोकावरून दिसलं.

कोचबाईंनी दोन्ही निकाल शेजारी ठेवले आणि कपाळाला हात लावला. "भिंगरी, मी इतकी वर्षं हे काम करतेय. असं पहिल्यांदा बघतेय. तू जुळी आहेस का?"

"नाही मॅडम."

"मग आहे तरी काय हा प्रकार?"

मैदानाच्या कडेच्या बाकावर बसून भिंगरीनं सगळं सांगितलं. शिट्टी, तलाव, दोघांनाही दिलेला होकार. सांगता सांगता तिला त्या आजोबांची आठवण झाली आणि ती एकदम थांबली. एकच काच दोनदा. तक्ता सोडून तोंडाकडे बघणारी माणसं. तिची कानशिलं तापली. "मॅडम," ती म्हणाली, "मी तक्ता वाचलाच नाही. मी त्यांची तोंडं वाचली."

कोचबाईंना तक्ता कुठला ते कळलं नाही, पण मतलब कळला. "बरं," त्या म्हणाल्या. "आठवडाभर दोघांनाही सुट्टी. झोप काढ. मग एकटी तलावावर ये, या वेळी पोहणं, सायकल, धावणं तिन्ही बघू. तुझ्या हातातल्या घड्याळावर मी पट्टी चिकटवणार, वेळ दिसायलाच नको. आणि मीसुद्धा बघणार नाही, नुसती वेळ टिपून घेईन."

आता तरी गाडी रुळावर येईल, असं वाटतं ना? भिंगरीलाही वाटलं होतं.

तिसऱ्या चाचणीला खरंच कुणी नव्हतं. कोचबाई पाठ करून बसल्या होत्या. भिंगरी पाण्यात उतरली आणि तिला कळेना की पहिला हात किती जोरात मारायचा. कुणी बघतच नाही म्हटल्यावर कशासाठी पोहायचं, हेच तिला क्षणभर आठवेना. थोडी जोरात गेली, तर वाटलं ही बाबांची घाई. संथ झाली, तर वाटलं ही आईची चाल. धावतानाही तेच. प्रत्येक पावलाला ती विचारत होती की तू कुणाचं, आणि पावलं बिचारी काय सांगणार? तिला रडूच आलं, आणि धावताना रडणं फार अवघड असतं, श्वास दोन्हीला पुरत नाही.

मधे सायकल होती. नदीवरच्या पुलापर्यंत जायचं आणि परत यायचं. ती गेली ती गेलीच. कोचबाईंची मान पाठ करून करून आखडली, शेवटी त्या रस्त्यावर येऊन उभ्या राहिल्या, तेव्हा कुठे भिंगरी लांबून येताना दिसली.

"अगं, कुठे होतीस? पुलावरून वळायचं होतं ना?"

"वळायचं विसरले," भिंगरी म्हणाली. "पूल कधी गेला कळलंच नाही."

संध्याकाळी कोचबाईंनी निकाल सांगितला. "सायकलची वेळ मी धरलीच नाही. बाकीच्यावरून तू मधली आहेस. अगदी बरोब्बर मधली. इतका वेग की छोटी पळशील, इतका दम की मोठी पुरी करशील. शरीराला दोन्ही चालेल, सराव त्याप्रमाणे बांधून देते. आता आवड तुझी, तूच सांग."

भिंगरीनं कपाळावर हात मारून घेतला. दोन्ही सारखंच! हेच ती दिवसभर लोकांना सांगते की सारखं वाटलं म्हणजे झालं, हाच तुमचा नंबर, घ्या चष्मा आणि जा. स्वतःवर आल्यावर कळलं की त्यानं कुणाचं समाधान होत नाही. उलट आता शरीराचंही निमित्त उरलं नाही. मी वेगाची निघाले, माझा इलाज नाही, असं आईला सांगता आलं असतं. मी दमाची निघाले, असं बाबांना. आता जे निवडेल ते तिनं निवडलेलं असणार होतं, आणि चौथीपासून तिनं नेमकं तेच टाळलं होतं.

तीन दिवस ती तळ्यात-मळ्यात करत राहिली. बाबांचा फोन आला, "छोटीत नाव दिलंस ना? मी नवीन शिट्टी घेतलीय." आईचा आला, "मोठीत पोहशील तेव्हा मी दुसऱ्या काठावर उभी राहीन, तुला दिसेन अशी." दोघांनाही ती "हं" म्हणाली. हे "हं" फार सोयीचं असतं. ऐकणाऱ्याला हवं ते त्यात ऐकू येतं.

शुक्रवारी दुकानात जाताना ती सायकलवर होती, रोज असायची तशी. नेहमीचं वळण आलं आणि तिनं पाहिलं की आपण ते मागे टाकून पुढे आलोय. पुन्हा तेच. ती एका बंद दुकानाच्या पायरीशी थांबली. पोहताना आई पाण्यात असते. धावताना बाबा कानात शिट्टी वाजवतात. पण सायकलवर कोण असतं? तिनं नीट आठवून पाहिलं. कुणीच नसतं. तिथे तिला कधी काही विचारावंच लागलं नव्हतं. छोट्या शर्यतीत सायकलवर चढलो न चढलो तोच उतरायचं. मोठीत मात्र भरपूर सायकल होती, तलावाला वळसा घालून टेकड्यांपलीकडे.

म्हणजे मोठी. उत्तर सापडलं, पण तिनं पॅडलवर पाय ठेवला नाही. कारण मोठी म्हणजे आई जिंकली. आई ते हसू हसणार आणि बाबांचा चेहरा उतरणार. बाबांचा उतरलेला चेहरा समोर आला की आपण काय करतो, हे तिला पक्कं माहीत होतं. "छोटीच, बाबा, गंमत केली," असं ती तिथल्या तिथे म्हणून टाकणार होती.

दुपारी तिनं दोघांनाही दुकानात बोलावलं. कारण सांगितलं डोळ्यांच्या तपासणीचं, आणि ते अगदीच खोटंही नव्हतं, दोघांचेही चष्मे जुने झाले होते. दुसरंही कुणी येणार आहे, हे मात्र सांगितलं नाही.

बाबा अर्थातच वेळेच्या आधी आले. आई अर्थातच उशिरा. दारात आईनं बाबांना पाहिलं आणि पदराची नसलेली सुरकुती सारखी केली.

"तुम्हीही?" आई म्हणाली.

"मला तपासायला बोलावलंय," बाबा म्हणाले. "तू कशी?"

"मलाही तपासायलाच."

एखाद्या लग्नकार्यात लांबून नमस्कार, यापलीकडे ती दोघं कितीतरी वर्षांत एका खोलीत आली नव्हती, आणि ही खोली तर दोन माणसं आणि एक खुर्ची एवढीच. भिंगरीनं बाबांना खुर्चीत बसवलं, आईला स्टुलावर. दार लावलं. दोघंही तिच्या तोंडाकडे बघायला लागली. बाबांच्या डोळ्यांत काळजी, आईच्या डोळ्यांत काळजी. दोन्ही सारखीच.

तिनं तक्त्याचा दिवा घालवला. मग बारका दिवाही घालवला.

"अगं, तक्ता दिसत नाहीये," बाबा म्हणाले.

"माहितीये बाबा. मलाही तुम्ही दिसत नाही. म्हणूनच घालवला." तिनं बटणावरून हात काढला. "मी मोठी शर्यत करणारेय."

अंधारात कुणीतरी श्वास घेतला. कुणी, ते कळलं नाही, आणि तिला देवाशप्पथ हायसं वाटलं.

"म्हणजे दमाची निघालीस," आई हळूच म्हणाली.

"नाही गं आई. दमाचीही नाही आणि वेगाचीही नाही. मधली आहे, कोचबाईंनी तपासलंय. मी मोठी घेतेय ती सायकलसाठी. त्यात सायकल जास्त आहे. मला सायकल आवडते, बास."

"सायकल?" बाबांना काही उमगेना. "सायकलचं कुठून आलं तुझ्यात? मी तर कधी चालवलीही नाही." मग ते अंधारातच आईच्या दिशेनं वळले असावेत, कारण आवाज फिरला. "तू शिकवलीस तिला?"

"मी?" आई म्हणाली. "मला येत नाही सायकल. मला वाटायचं तुम्हीच शिकवलीत."

"मी नाही शिकवली. मला वाटायचं तू."

भिंगरीला तिच्या पाठीमागचं जुनं भिंतीवरचं घड्याळ ऐकू आलं.

"कुणीच नाही शिकवली," ती म्हणाली. "मामाची जुनी सायकल होती ना, दांडा असलेली. दप्तर मागे बांधायचे. बाबांकडून आईकडे जाताना आणि आईकडून बाबांकडे येताना शिकले. पडत पडत."

मग खुर्ची करकरली, आणि स्टूलही. बाबांचा हात चाचपडत आला आणि तिच्या कोपराला लागला. आईचा आला तो खांद्याला लागला. दोघांनाही अंधारात बाकीचं काही सापडत नव्हतं.

"लागलं होतं का गं फार?" आईनं विचारलं.

"हो," भिंगरी म्हणाली. हे उत्तर तिनं कुणाच्याही तोंडाकडे न बघता दिलं.

बाहेरून मालकांनी दार वाजवलं, गिऱ्हाईक थांबलंय म्हणाले. तिचा हात दिव्याच्या बटणावर गेला होता, पण तिनं तो लगेच दाबला नाही.